अर्व्हिलाच्या काहिलीचा डाख

अर्व्हिला डटनला मी नीट ओळखत होतो असं म्हटलं तर ते खोटं होईल. सव्वीस वर्षं आमची घरं समोरासमोर होती, मध्ये फक्त रस्ता. तरी ती लहानपणी सीमेपलीकडे कॅनडात वाढली होती, हे मला या वर्षी जानेवारीत तिच्या दफनाच्या दिवशी कळलं. तिच्या मुलीनं, नोरीननं, आम्हा शेजाऱ्यांकडून आठवणींचं एकेक पान लिहून मागितलं आहे. बाकीचे तिच्या रजयांबद्दल लिहितील. मला माहीत होती ती मार्चमधली अर्व्हिला, मेपलच्या झाडांचा रस उकळून पाक करणारी.

घरामागच्या साखरघरात, म्हणजे पाक उकळायच्या खोपटात, जुनी तेलाची टाकी आडवी कापून तिनं चुलाण केलं होतं. त्यावर पत्र्याची पसरट काहील. आत वितळलेल्या धातूचा डाख देऊन बसवलेल्या पट्ट्या, म्हणजे रस वळणं घेत घेत दाटत जाई. सकाळी ती आधी साधं पाणी उकळून त्यात थर्मामीटर बुडवी, कारण हवा बदलली की पाणी उकळण्याचा अंशही बदलतो. त्या दिवशीच्या अंशावर फॅरनहाइटचे सात चढले की पाक झाला. तरी शेवटचा निकाल पळीचा. पळी आडवी धरायची. थेंब गळत राहिले तर अजून आच हवी, काठावरून सलग पदर सुटला की उतरवायचा.

एकदा मी म्हटलं, "झाला वाटतं."

"वेंडल, तू लोकांचे नळ जोड," ती म्हणाली. "पाक बघायला मी आहे."

मी प्लंबर होतो.

चार वर्षांपूर्वी, ऐन हंगामात, काहिलीची एक पट्टी सुटली. झाडांना टांगलेल्या बादल्या रसानं भरून वाहत होत्या. तिनं रस्त्यापलीकडून हाक मारली, "डाख आहे का रे तुझ्याकडे? माझा संपलाय!" मी तळघरातून डाखाच्या तारेचं जुनं वेटोळं आणून दिलं. तासाभरात तिनं सगळे सांधे नव्यानं भरले आणि पुन्हा आच लावली.

त्या डाखात निम्मं शिसं होतं. पाण्याच्या नळाला तो चालत नाही हे मी तीस वर्षं लोकांना बजावत आलो होतो. रसही पाणीच आहे, हे त्या सकाळी माझ्या डोक्यात आलं नाही. अजूनही मला याचं नवल वाटतं.

त्यात आमची एक सवय. आच विझली की अर्धा दाटलेला रस काहिलीतच ठेवायचा, म्हणजे पुढचा रस गोडीवर पडतो. इथे सगळेच ठेवतात. कधी दोन दिवस, कधी चार. तेवढा वेळ तो शिशाशी लागून राही.

गेल्या वर्षी एप्रिलमध्ये नोरीनची मुलगी ब्रिन दोन वर्षांची झाली. इथे त्या वयाला सगळ्याच मुलांच्या रक्तातलं शिसं तपासतात. साडेतीनच्या वर आकडा गेला की फोन येतो. ब्रिनचा चौदा आला. नोरीन कामावर असे तेव्हा पोर दिवसभर आजीकडे असायची.

तपासायला आरोग्य खात्याची एक बाई अर्व्हिलाच्या घरी आली. तिनं खिडक्यांचा रंग खरवडला, अंगणातली माती नेली. काही निघालं नाही. मग तिनं विचारलं, "मुलगी रोज काय खाते?"

"लापशी, दूध," अर्व्हिला म्हणाली. "दोन्हीत माझा पाक. पळी तर तीच चाटते."

बाईनं एक बाटली नेली.

आठवड्यानं फोन आला तेव्हा मी तिथेच लाकडं रचत होतो. अर्व्हिलानं ऐकून घेतलं, "बरं" म्हणाली आणि फोन ठेवला. मग घणानं काहील चेपली. त्यानंतर साखरघरामागे खड्डा खणून एकेक बाटली त्यात ओतली. मला मदत करू दिली नाही. नोरीन गाडीतून उतरली तेव्हा अर्व्हिला तिला म्हणाली, "डाख माझा होता. बापाच्या वेळचा."

मी तिथे उभा होतो. हातातलं लाकूड ढिगावर ठेवलं.

तीन दिवसांनी तिच्या स्वयंपाकघरात गेलो. टोपी हातात होती. म्हटलं, "अर्व्हिला, तो डाख मी दिला होता. मला माहीत असायला हवं होतं."

"वेटोळ्यावरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं," ती म्हणाली. "मी वाचलं होतं."

मला वाटलं, मी चुकीचं ऐकलं. "वाचलं होतंस?"

"पन्नास टक्के शिसं. मोठ्या अक्षरात." ती कपाटाकडे बघत होती. "रस वाहत होता, वेंडल. म्हटलं, एवढा हंगाम निघू दे. पुढच्या वर्षी बदलीन. मग पुढचं वर्ष आलं आणि रस पुन्हा वाहायला लागला."

मी खुर्चीवर बसलो. तिनं कॉफी ओतली, दोघांनाही प्यायचं सुचलं नाही.

"नोरीनला सांग," मी म्हटलं.

"पोरीचा आकडा उतरू दे. मग सांगेन."

तिनं सांगितलं की नाही, मला माहीत नाही. नोरीन, सांगितलं नसेल तर आता वाचलंस. डाख माझा होता. मी तो विचार न करता दिला, आणि तिनं तो वाचून लावला.

उन्हाळ्यात आकडा नऊवर आला, पानगळीत पाचवर. दर तपासणीच्या दिवशी अर्व्हिला दुपारपासून फोनशेजारी बसे आणि मी माझ्या खिडकीतून तिच्या दाराकडे बघत असे.

डिसेंबरात, नाताळच्या आधीच्या शुक्रवारी, आम्ही दोघं टपालपेटीपाशी शेवटचं बोललो. रात्री पाऊस पडून सगळं गोठलं होतं; अशा वेळी इथे बर्फ सुटावा म्हणून पायऱ्यांवर मीठ टाकतात.

"तीनवर आला," ती म्हणाली.

"तीन?"

"तीन. सकाळीच फोन आला."

"बरं झालं."

"हं. तुझ्या पायऱ्यांवर मीठ टाकलंस का?"

"टाकतो."

"आत्ता टाक. दुपारी विसरशील."

"टाकतो," मी म्हटलं.