जपानने चोरलेला पापड

पेणची माझी पापडकाकू हातात आलेली कुठलीही वस्तू आधी उन्हाला धरून बघायची. पापड सगळीकडे सारखा लाटलाय का, हे असंच कळतं. पण काकूने ती सवय फारच वाढवली होती. नोट, साडी, डॉक्टरने दिलेली गोळी, सगळं उन्हाला. माझ्या लग्नाच्या वेळी मुलीचा फोटोही तिने उन्हाला धरला आणि "आरपार काय दिसत नाय, म्हंजे बरी असंल," असा निकाल दिला.

तिचा विश्वास जगात फक्त पापडखारावर. पोह्याच्या पापडाचं पीठ ती दार लावून भिजवायची. मिरचीच्या पाण्यात आणखी काहीतरी घालायची. ते काय, हे काकांनाही मरेपर्यंत कळलं नाही. ठाऊक होतं एकट्या आत्याला, म्हणजे काकूच्या रोह्याच्या नणंदेला. तरुणपणी दोघी एकाच पोळपाटावर लाटायच्या.

रोह्याच्या कंपनीने मला जपानला पाठवलं आणि बायकोच्या बाळंतपणाला काकू तिथे आली. इमारतीखाली रात्रंदिवस उघडं असणारं एक दुकान होतं. तिथली बाई येणाऱ्याजाणाऱ्याला कमरेतून वाकून नमस्कार करी. काकूने मला कोपऱ्यात घेतलं. "बाळ्या, एवढी वाकते म्हंजे वजनात मारत असणार."

तिथे भाताचा तिकोनी गोळा मिळतो. त्याला समुद्रातल्या शेवाळाचा काळा, कागदासारखा पापुद्रा गुंडाळलेला असतो आणि तो भातासकट खायचा असतो. काकूने वाफवलेल्या गोड पातोळीवरचं हळदीचं पान सोलावं तसा तो सोलून बाजूला ठेवला, भात चाखला आणि त्या बाईला मराठीतून सुनावलं की मीठ विसरलात. बाई पुन्हा वाकली. काकूचा संशय दुप्पट झाला. पुढे तिने दुकानाची एकेक फळी अशी तपासली, की जपान सरकारनेही कधी तपासली नसेल.

आणि एक दिवस तिने तांदळाची गोल, कुरकुरीत चकती तोंडात घातली आणि चावणं थांबवलं. एवढी गप्प काकू मी कधी पाहिली नव्हती. रस्त्यावरच्या मोटारीसुद्धा दबकून जायला लागल्या.

"हा आपला पापड हाय," ती म्हणाली. "नुसते कपडे बदललेत. वन्संनी विकला."

तर्क बिनतोड होता. रोह्याच्या कंपनीत यंत्रं बसवायला जपानी साहेब आले होते आणि जेवायला आत्याच्या खानावळीत जात. मी हसलो, तर काकूने मलाही कटात धरलं. आत्याला दर रविवारी जाणारा फोन बंद झाला. बारसंसुद्धा तिला कळवू दिलं नाही. शेवटी आत्यानेच मला फोन करून विचारलं, वयनीला बरं नाय काय? काय सांगणार होतो मी? की तुझ्यावर जपानशी संगनमत केल्याचा आळ आहे?

परत आलो तेव्हा काकूने गाडी पेणला थांबू दिली नाही. वडखळ, गडब, नागोठणं मागे पडलं. रोह्याला आत्या दारात भाकरतुकडा घेऊन उभी होती, नातवावरून ओवाळून टाकायला. काकूने तो तिच्या हातातून काढून घेतला आणि जपानी पुडा ठेवला.

"खावा नि सांगा, वन्सं, जपानला आपला पापड कुणी दिला."

आत्याने एक चकती खाल्ली. दुसरी मोडून वास घेतला. तिचे डोळे भरून आले, तेव्हा माझ्याही मनात पाल चुकचुकली: हिने खरंच विकला की काय?

"वयनी," आत्या म्हणाली, "मी दिला असता तर इतका मिळमिळीत झाला असता काय?"

काकूने आत्याच्या हातातला चकतीचा तुकडा घेऊन तोंडात टाकला. बराच वेळ चघळला. मग पदर खोचून, पोळपाट कुठे ठेवलाय असं विचारत ती आत गेली. माफी वगैरे तिने मागितली नाही. संध्याकाळपर्यंत दोघी मिळून जपानला शिव्या देत होत्या.

काकूला जाऊन आता वर्ष उलटलं. परवा रोह्याला आत्याजवळ बसून लाडीगोडीने विचारलं, आता तरी सांग, मिरचीच्या पाण्यात काय घालायचात. तिने दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"वयनीला इचारल्याशिवाय कसं सांगू?"