ओल्या केसाची परीक्षा

आमच्याकडे येणारे नातेवाईक आधी आपलं डोकं सांभाळतात. कारण आमची ही कुणाचाही एक केस उपटते, पाण्यात बुडवते आणि दोन्ही हातांनी ताणते. सोडल्यावर पूर्ववत झाला तर ठीक. लांबतच गेला तर आतलं प्रथिन गेलेलं. कट्‌कन तुटला तर वरून लावलेलं प्रथिन जास्त झालेलं. एकतीस वर्षं ती पुढच्या खोलीत बायकांचे केस कापतेय, पण या परीक्षेशिवाय कात्रीला हात लावत नाही. सांगून सांगून मी थकलो. माझ्या डोक्यावर आता परीक्षेपुरतेही उरले नाहीत, एवढंच सुख.

आमची लेक मात्र तिला जवळ फिरकू देत नसे. "आई, मी तुझं गिऱ्हाईक नाही!" तिने परस्पर दोनदा केसांचा रंग उडवला आणि मग दुरुस्तीचं क्रीम आणून रोज चोपडू लागली. बाटलीवर 'आठवड्यातून एकदा' असं स्पष्ट लिहिलं होतं. सोमवारी तिला एका वाहिनीत कॅमेऱ्यासमोर बातम्या वाचून दाखवायच्या होत्या, तेव्हाच नोकरीचं ठरणार होतं. शनिवारी सकाळी कंगव्यात बोटबोटभर तुकडे आले.

"आणखी एक थर देते, होईल नीट," लेक म्हणाली.

"थर द्यायला ती काय भिंत आहे?" ही कडाडली. "रंग उडवताना केसातल्या प्रथिनाचे जोड तुटतात. क्रीममधलं प्रथिन त्या तुटल्या जागी चिकटतं. बारीक कण आत शिरतात, मोठे वरच बसतात. जागा भरल्या की संपलं! खुर्च्या भरल्यावर उरलेले दारात गर्दी करतात ना, तसं. मग केस ताठ होतो आणि मोडतो."

"मग बाटलीवर 'दुरुस्ती' कशाला लिहितात?"

"ठिगळालाही दुरुस्तीच म्हणतात, बाई! तेसुद्धा धुण्यागणिक सुटतं."

"मग आता?"

"वीतभर कापायचे."

लेकीचे डोळे भरले. "कॅमेऱ्यासमोर मी कशी दिसेन?"

"थोडे कमी कापले तर?" मी भीतभीत म्हणालो. दोघींनी माझ्याकडे असं पाहिलं की मी पेपरात तोंड खुपसलं.

लेकीने आईपुढे मान खाली घातली. "घे एक केस."

हिने केस भिजवला, टोकाकडून ताणला. कट्! मग त्याच केसाचा मुळाकडचा, नवा उगवलेला भाग ताणला. तो लांबला आणि परत जागेवर आला.

"हा बघ, हा धड आहे," ही म्हणाली. सकाळपासून पहिल्यांदाच तिचा आवाज खाली आला होता.

लेकीने स्वतःच कात्री पुढे केली.

सोमवारी ती उड्या मारतच घरात शिरली. "ठेवून घेतलं मला! आणि तिथल्या बाई विचारत होत्या, केस कुठे कापलेस म्हणून."

"काय सांगितलंस?"

"घरीच."

"घरीच?" ही पुन्हा कडाडली. "एकतीस वर्षं दारावर पाटी आहे, आणि म्हणे घरीच!"