बोक्याचं अय्या

दुपारी मी मेथी निवडत होते. टीव्हीवर कार्टूनमधल्या एका बोक्यानं दुसऱ्या बोक्याला फूल दिलं आणि लाजून, बायकी आवाजात तो "अय्या!" म्हणाला. मुलं खदखदून हसली. धाकटी माझ्या भावाला म्हणाली, "मामा, हा अगदी तुझ्यासारखा!"

"छे गं, माझा आवाज जास्त गोड आहे," म्हणत तोही हसला.

त्याचा जीव एका मित्रावर आहे, हे घरात मला एकटीला ठाऊक. बोक्यानं मांजरीला फूल दिलं की गाणं वाजतं, मग इथंच हसू का यावं? भाऊ लहानपणापासून असा स्वतःवरच हसत आलाय. ते ऐकून ऐकून मी थकले. टीव्ही बंद करावासा वाटला. पण मुलांनी "का गं?" विचारलं असतं, आणि मी काही बोलायच्या आत सगळ्यांनी त्याच्याकडेच पाहिलं असतं.