पाच हात आणि तीन निनावी अर्ज

पोलिसातल्या नोकरीतलं ते प्रकरण अजून डोक्यातून जात नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. शाळेतल्या खिचडीचं होतं.

टेंभुर्णीपासून आत असलेल्या एका गावात जेवणाच्या सुट्टीनंतर वीस-पंचवीस मुलांना उलट्या झाल्या. मुलं दोन दिवसांत बरी झाली. खिचडीचे आणि पिण्याच्या पाण्याचे नमुने आम्ही सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवले. पण अहवालाला थांबतो कोण? शाळा समितीच्या पाचही सदस्यांनी हात वर करून स्वयंपाकीणबाईंना कामावरून काढलं. बाई विधवा होत्या. मुलीला घेऊन जेऊरला भावाकडे निघून गेल्या.

त्याच आठवड्यात ठाण्यात तीन निनावी अर्ज आले. एरवी असे अर्ज आम्ही दप्तरी दाखल करतो. पण तिन्हींत एकच म्हणणं होतं आणि अक्षर तीन जणांचं: बाईंचा दोष नाही, शाळेची पाण्याची टाकी वर्षभर धुतलेली नाही.

मी समितीचं ठरावाचं रजिस्टर मागवलं. प्रत्येकाने स्वहस्ते 'ठरावास माझी संमती' लिहून सही केली होती. माणूस अक्षर मुद्दाम तिरकं काढतो, वेलांट्या मात्र सवयीनेच देतो. तिन्ही अर्जदार त्या पाचांतलेच निघाले.

तिघांना वेगवेगळं बसवलं. पहिला किराणा दुकानदार.

"हात वर तुम्हीच केला आणि अर्जही तुम्हीच लिहिला?"

"व्हय साहेब." त्याचे डोळे भरले. "अध्यक्षांनी पयला हात वर केला. ठराव एकमतानंच करायची आमच्यात रीत हाय. मी एकट्यानं खाली ठिवला असता, तर गाव म्हनलं असतं, ह्याचं त्या बाईशी काय हाय?"

बाकी दोघांचा जबाबही हाच. प्रत्येकाला वाटत होतं, आपण एकटेच. अहो, पाचांत तिघे होते! मला त्यांचा संताप आला, आणि कीवही.

महिन्याने अहवाल आला. खिचडीत काही नव्हतं, टाकीचं पाणी दूषित होतं. समितीने बाईंना परत घेण्याचा ठराव केला, तोही एकमताने. तो घेऊन मी स्वतः जेऊरला गेलो.

बाई ओट्यावर बसल्या होत्या. ठराव वाचून दाखवला. "माज्या पोरीनंबी तीच खिचडी खाल्ली हुती की साहेब," एवढंच त्या म्हणाल्या.

भावजय चहा टाकायला उठली. मी म्हणालो, "ताईंच्या हातचा घेईन." भावजय जागीच थबकली. महिनाभर बाईंना कुणी चुलीजवळ जाऊ दिलं नव्हतं.

"ताई, तुमचा दोष नव्हता. लेखी आहे."

"नगं साहेब," त्या हात पदराखाली घेत म्हणाल्या. "तुमाला काय झालं तर?"

त्या कामावर परतल्या नाहीत. पुढे मीही चौकशी समित्यांवर बसलो. मत नेहमी चिठ्ठीवर घ्यायचो, अध्यक्ष असलेल्या साहेबांचं सर्वांत शेवटी. लोक मला विक्षिप्त म्हणत, म्हणोत. बाई निर्दोष असल्याचं मी साऱ्या गावाला पटवलं. एका बाईंनाच ते पटवता आलं नाही.