धूर दिसला पाहिजे

जयमाला गोड बाई नाही, हे आधीच सांगून टाकते. टोकियोत तोयोसुच्या आमच्या इमारतीत मराठी घरं बरीच आहेत आणि त्यातल्या प्रत्येक घरात तिच्याविषयी एक तरी तक्रार आहे. कुणाकडे हळदीकुंकवाला गेली, की ती आधी स्वयंपाकघरातल्या गॅसच्या अलार्मचं बटण दाबून बघते. वाजला नाही तर वाण हातात घेता घेता म्हणते, "हा मेलाय. बदला." माझ्याही घरी तिने हेच केलं. मला राग आला, आणि अलार्म खरोखरच मेलेला निघाला म्हणून जास्तच आला.

ती मूळची डोंबिवलीची. पॉलिटेक्निकचा डिप्लोमा झाल्यावर लग्न झालं आणि नवऱ्यामागोमाग इथे आली. नवरा सुरेश सॉफ्टवेअरमध्ये आहे. शांत माणूस आहे, बायको बोलायला लागली की चष्मा पुसत बसतो. आम्ही बाकीच्या जणी भिशी आणि डोसापीठ यांत रमलो तेव्हा ही जपानी शिकली आणि आमच्याच कोतो भागातल्या एका छोट्या खासगी प्रयोगशाळेत नोकरीला लागली. तिथे घरगुती वस्तू मोडेपर्यंत वापरतात. किटलीचं झाकण उघडायचं, लावायचं, पुन्हा उघडायचं, ते तुटेपर्यंत. जयमालाला हे काम मनापासून आवडतं. "चालते कधी ते विकणारा सांगतो. चालत नाही कधी, ते मी सांगते," असं ती म्हणते, आणि म्हणताना हसत नाही.

तिची मुलगी अक्षया दहा वर्षांची. लहानपणी मेंदूज्वर झाला आणि त्यात तिचे कान गेले. कानांत यंत्रं आहेत, पण पळताना ती निसटतात म्हणून काढून ठेवावी लागतात. मग तिला काहीच ऐकू येत नाही. मात्र पळते कशी! आमच्या पोरांतलं एकही तिच्या जवळपास येत नाही, फक्त तिला सुरुवात कळायला हवी. शाळेतल्या जपानी बाई पिस्तुलाबरोबर एक लाल झेंडा खाली आणतात. इथल्या मराठी मंडळाच्या क्रीडादिनाला झेंडा नसतो, म्हणून अक्षया पिस्तुलाच्या धुरावर नजर ठेवून पळते. दुसऱ्यांचे पाय हलले की आपण निघायचं असं केलं तर ती कायम मागेच राहणार, हे तिला पक्कं ठाऊक आहे.

आता हेमचंद्र. हा मंडळाचा अध्यक्ष. मुंबईच्या एका बँकेने पाठवलेला, पुढे इथेच दुसरीकडे चिकटलेला. मला हा माणूस आवडत नाही. त्याचं कुठलंही वाक्य "बघा, शेवटी आपण सगळे एक फॅमिली आहोत" इथे संपतं, आणि ते वाक्य आलं की समजायचं, आता कुणाचा तरी पाणउतारा होणार आहे. आम्ही त्याला 'सर' म्हणतो. का म्हणतो, कुणालाच माहीत नाही.

गेल्या वर्षी मंडळाचं जुनं स्टार्टरचं पिस्तूल मोडलं. हे पिस्तूल म्हणजे टिकल्यांचंच, दिवाळीतल्यासारखं, फक्त जरा दणकट. त्यातून गोळीबिळी काही सुटत नाही, आवाज होतो आणि धूर निघतो. हेमचंद्रने ऑनलाइन शोधून त्याच्या जागी सगळ्यांत स्वस्त मागवलं. इवल्या नळीचं, हलकं, हातात घेतलं की खुळखुळणारं. सोबत टिकल्यांची डबी होती. ती त्याने घरातल्या भिंतीतल्या कपाटात ठेवली, जिथे जून-जुलैच्या पावसात आमच्या सगळ्यांच्या चामड्याच्या चपलांना बुरशी येते.

सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये जयमाला उभी राहिली. "सर, पिस्तूल मला द्या. टेस्ट करून आणते."

"अहो, टिकल्यांचं पिस्तूल ते! त्यात काय टेस्ट करायचंय?"

"धूर येतो का ते. अक्षया धुरावर पळते, तुम्हाला माहितेय."

"येतो हो. पिस्तूल आहे म्हणजे धूर येणारच ना." आणि सगळ्यांकडे बघून हसला. चारपाच जणं त्याच्याबरोबर हसली. मी हसले नाही, एवढं पुण्य माझ्या नावावर लिहा. शेवटी त्याने पिस्तुलाचा खोका टेबलावरून तिच्याकडे असा सरकवला, जसं एखादं हट्टी मूल गप्प करावं. खोक्यावर मंडळाचं नाव आणि त्याचा स्वतःचा फोननंबर मोठ्या अक्षरांत होता.

रविवारी सकाळी जयमालाने माझी बेल वाजवली. "राधिका, चल. मला चाप ओढायला कुणीतरी हवंय." चहा अर्धा टाकून मी सायकल काढली. आराकावा नदीच्या काठी, पुलापासून लांब, आम्ही तिघी थांबलो. अक्षया गवतावर पळायच्या तयारीत वाकली. जयमाला तिच्या शेजारी उभी राहिली आणि मला म्हणाली, "हात पूर्ण वर. चाप सावकाश ओढ."

खट्ट. बस्स, एवढंच. टिकली तशीच.

"आता झटक्यात ओढ."

या वेळी आवाज झाला, पण धूर? पांढऱ्या आभाळात पांढरा धूर कुठे दिसतोय! अक्षयाने मान हलवली. "मिएनाई." दिसत नाही.

मग जयमालाने पिशवीतून दुसरी डबी काढली. हिने स्वतः नव्या टिकल्या आणल्या होत्या. आणि एक काळी बाही काढली, मोडक्या छत्रीचं कापड कापून शिवलेली. ती तिने माझ्या हातात कोपरापर्यंत चढवली. जुन्या टिकल्या, नव्या टिकल्या, सावकाश चाप, झटक्यात चाप, बाहीसकट, बाहीशिवाय. प्रत्येक बाराला तिचा चेहरा तोच, किटलीच्या झाकणाकडे बघावं तसा. जुन्या टिकल्यांतल्या बऱ्याचशा फुसक्या निघाल्या. कपाटात दमट झाल्या होत्या, दुसरं काय! पिस्तुलाची स्प्रिंगही कमजोर होती. पण नवी टिकली, झटक्यात ओढलेला चाप आणि मागे ती काळी बाही असली की धूर असा लख्ख दिसायचा की अक्षया बाणासारखी सुटायची. "केमुरी, मिएता!" असं ओरडत परत यायची. धूर दिसला! तिचं ते ओरडणं ऐकून मला खरंच आनंद झाला. जयमालासुद्धा जरा हसली असावी. मी पैज लावणार नाही.

"पिस्तूल भंगार आहे," ती म्हणाली. "पण सांभाळून घेतलं तर चालेल. त्या दिवशी मीच ओढेन चाप."

तेवढ्यात काठावरून दोन सायकली उतरल्या. चौकीतले पोलीस. पलीकडच्या इमारतीतून कुणीतरी फोन केला होता, परदेशी बायका नदीकाठी पिस्तूल उडवताहेत म्हणून. दोघंही पोलीस अतिशय नम्र होते आणि त्या नम्रतेचीच मला जास्त भीती वाटली. आमची रहिवासी कार्डं पाहिली. पिस्तूल उलटंसुलटं करून पाहिलं, टिकल्यांचा वास घेतला. जयमालाने त्यांना शांतपणे सगळं समजावलं, मुलीचे कान, धूर, बाही, सगळं. त्यांना ते पटलंही. पण खोक्यावर फोननंबर होता. नियम म्हणून त्यांनी तो लावला.

हेमचंद्र टॅक्सी करून आला. पोलिसांसमोर कमरेत वाकून वाकून त्याने इतक्यांदा माफी मागितली, की शेवटी तेच अवघडले. पुढच्या वेळी आधी चौकीत कळवा, एवढं सांगून ते निघून गेले. ते वळणाआड गेले. मग मात्र त्याचं तोंड सुटलं.

"माझं कायमच्या रहिवासाचं, पीआरचं अ‍ॅप्लिकेशन आत आहे, कळतंय का तुम्हाला? उद्या माझ्या नावावर पोलीस रिपोर्ट लागला तर सगळं बोंबललं! कुणी सांगितलं होतं इथे येऊन ठो-ठो करायला?"

"पिस्तूल तपासायला ठो करावंच लागतं," जयमाला म्हणाली.

"बंद! पिस्तूल बंद. या वर्षी शिट्टी!" त्याने पिस्तूल, खोका, दोन्ही डब्या उचलल्या. काळी बाही माझ्या हातात राहिली म्हणून वाचली.

अक्षयाला शब्द ऐकू आले नव्हते, पण पिस्तूल जाताना तिने पाहिलं. तिने आईला खुणेने काहीतरी विचारलं. आईने माझ्या हातावरची बाही काढली आणि पिशवीत टाकली. ज्या पिस्तुलात खोट आहे का ते बघायला आम्ही आलो होतो, ते पास झालं आणि गेलंही.

शिट्टी म्हणजे बारीक, चिरका आवाज. अक्षयाला यंत्रं लावूनसुद्धा तो ऐकू येत नाही. पुढच्या मीटिंगमध्ये जयमालाने झेंडा मागितला. फक्त एक झेंडा, शिट्टीबरोबर खाली आणायचा. गेल्या वर्षी टोकियोत कर्णबधिर खेळाडूंची जागतिक स्पर्धा झाली, तिथे शर्यत सुटायची खूण म्हणून दिवे लावले होते, हेही तिने सांगितलं.

"अहो, ते इंटरनॅशनल लेव्हलचं. आपला घरगुती कार्यक्रम आहे. एकीसाठी झेंडा लावला, की उद्या दुसरा म्हणेल माझ्या मुलाला चष्मा आहे. नियम सगळ्यांना सारखा."

"मग मी रेषेपाशी उभी राहून रुमाल खाली आणते."

"पालक दोरीच्या आत येणार नाहीत. तोही नियमच." आणि मग त्याने आवाजात साखर घातली. "असं करू ना, अक्षयाला आपण छोट्यांच्या लिंबू-चमच्यात घेऊ. मेडल सगळ्यांनाच आहे. शेवटी आपण सगळे एक फॅमिली आहोत."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी उठून म्हणाले, लाज वाटत नाही का, ती पोरगी तुमच्या नचिकेतच्या पुढे पळते म्हणून पोटात दुखतंय का? त्यावर तो म्हणाला, "राधिका, इमोशनल होऊ नका." बाकीची मंडळी फोनमध्ये बघत बसली. फोनवर त्यांना असं काय महत्त्वाचं येतं, देव जाणे. जयमालाने वाद घातला नाही. "अक्षया शंभर मीटरमध्येच पळेल," एवढं बोलून ती निघाली. सुरेश चष्मा पुसत तिच्यामागून गेला.

ऑक्टोबरातला तो दिवस छान उजाडला, ऊन कोवळं, नदीवर वारा. पोह्यांची पातेली आली, मंडळातला सौमित्र माईक घेऊन निवेदन करू लागला. शंभर मीटरसाठी पोरं रेषेवर वाकली. नचिकेत होता, अक्षया कडेच्या पट्ट्यात होती. दोरीबाहेर जयमाला हाताची घडी घालून उभी, मी तिच्या शेजारी.

हेमचंद्रने शिट्टी वाजवली आणि पोरं सुटली.

अक्षया हलली नाही. तशीच वाकलेली, बोटं रेषेवर, मान वर, नजर हेमचंद्रवर. इतरांचे पाय तिने पाहिले असणारच, पण निघाली नाही. शर्यत संपली. नचिकेत पहिला आला, टाळ्या पडल्या, आणि मग टाळ्या हळूहळू विरल्या, कारण लोकांचं लक्ष रेषेकडे गेलं. ती अजून तयारीतच होती.

"अक्षया, पळ बाळा!" सौमित्र माईकवरून ओरडला. ज्या मुलीला ऐकू येत नाही तिला माईकवरून! मला त्याचा माईक काढून नदीत फेकावासा वाटला.

हेमचंद्रने पुन्हा शिट्टी वाजवली, जोरात, गाल फुगवून. मग कावळा हाकलावा तसा हात हलवला, जा जा. तिने नकारार्थी मान हलवली. जमिनीवरचा एक हात उचलून त्याला दाखवलं, असा वर, आणि असा खाली. आणि पुन्हा बोटं रेषेवर टेकवून बघत राहिली.

मी जयमालाकडे पाहिलं. "तू सांगितलंस का तिला हे?" तिने मान हलवली. नाही. ती जागची हलली नाही.

आजीआजोबा खुर्च्यांवरून उठले होते. मैदानाची देखभाल करणारे जपानी आजोबा झाडू टेकवून थांबले होते. हेमचंद्रने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. कुणीतरी येऊन सोडवेल अशी आशा असावी. कुणी आलं नाही. शेवटी त्याने हात वर केला, आणि खाली आणला.

काय सुटली ती! एकटीच, मोकळ्या पट्ट्यांमधून, केस मागे उडवत, जणू आठ जण अंगावर येताहेत अशी जीव तोडून पळाली. फीत आधीच गुंडाळून ठेवली होती, तरी नसलेल्या फितीवर छाती घालून रेषेपलीकडे गेली. मी काय ओरडले मला आठवत नाही. पण घसा दोन दिवस बसला होता.

हेमचंद्र दोरीपाशी आला, चेहरा लालबुंद. "झालं समाधान? सगळ्यांसमोर तमाशा करून?"

जयमालाने पिशवीतून ती काळी बाही काढली, नीट घडी घालून त्याच्या हातात ठेवली.

"सर, ते पिस्तूल तुमच्यापेक्षा बरं होतं," ती म्हणाली. "अधूनमधून तरी चालायचं." आणि ती अक्षयाची पाण्याची बाटली शोधायला निघून गेली.