पहिल्या पानावरची ओळ

"हे आलं कुठून?"

पेनड्राइव्ह असो, ईमेल असो की कुणी वाढदिवसाचे पेढे पुढे केलेले असोत, आमच्या मॅडमचा पहिला प्रश्न हाच. विचारताना त्या चष्मा कपाळावर चढवायच्या आणि वस्तूकडे न बघता ती आणणाऱ्याच्या तोंडाकडे बघायच्या. पेढ्यांचं दुकान कळलं की अर्धा पेढा घ्यायच्या. पेनड्राइव्ह मात्र दुकान कळलं तरी घ्यायच्या नाहीत.

तुमच्याही ऑफिसात असं एखादं माणूस असेल. नसेल, तर ते तुम्हीच असाल. मॅडमचं नाव मी लिहीत नाही. त्यांची परवानगी मागायची सोय मला राहिलेली नाही, आणि ती का राहिली नाही तेच सांगायला बसलो आहे.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत आमची छोटी कंपनी आहे. नवजात बाळांना ऊब देणारे जे पाळणे दवाखान्यात असतात, त्यांचा कंट्रोलर आम्ही बनवतो. डब्याएवढी पेटी, तिच्यात एक चिप आणि चिपवर एक इवलीशी ऑपरेटिंग सिस्टिम. ही सिस्टिम तयार होते मोठ्या कॉम्प्युटरवर, पण चालते त्या चिपवर. पोळी आपल्या घरी लाटायची, पण शेजारणीच्या तव्याच्या मापाने, असा हा प्रकार. त्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम चिपच्या भाषेत उतरवणारा वेगळा कंपायलर लागतो आणि जोडणारी, तपासणारी, चिपमध्ये भरणारी अशी आणखी दहा-बारा हत्यारं लागतात. ती एका मशीनवर नीट मांडून ठेवणं हे मॅडमचं काम. एखादं हत्यार भलत्याच आवृत्तीचं आलं तरी सिस्टिम तयार होते, पेटीचा दिवा लागतो, सगळं ठीक दिसतं. बिघाड नंतर कधीतरी कळतो, आणि तेव्हा पाळण्यात बाळ असतं.

प्रत्येक हत्यारासोबत ते बनवणारे लोक आकडे आणि ए ते एफ मिळून चौसष्ट अक्षरांचा एक ठसा देतात. आपल्याकडे आलेल्या फाइलचा ठसा काढायचा आणि त्यांच्याशी ताडून बघायचा. जुळला तर फाइल खरी. हे ताडायचं काम कॉम्प्युटर क्षणात करतो, पण मॅडमना ते पटायचं नाही. त्या दोन माणसं बसवायच्या. एकाने ठसा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पेन्सिलीने एकेक अक्षरावर टिंब द्यायचं. बी आणि डी ऐकायला सारखे वाटतात म्हणून त्यांनी फळं ठरवून दिली होती. ए आंब्याचा, बी बदामाचा, सी सीताफळाचा, डी डाळिंबाचा, ई ईडलिंबाचा, एफ फणसाचा. बाहेरून जाणाऱ्याला वाटावं, आत फळांचा लिलाव चालू आहे.

वाचायला बहुतेकदा टेस्टिंगचे शकीलभाई असायचे. "मॅडम, रोजे में ये नक्को पढ़ाओ, भूक लगती," ते म्हणायचे.

"वाचा हो शकीलभाई. अजून तीस अक्षरं राहिली."

"कंप्यूटर खुद मिला लेता ना?"

"मिलाता है. पण तो खरं बोलतो का, हे कुणाला विचारायचं?"

शकीलभाई हसून पुढे डाळिंब, सात, सात, फणस म्हणायला लागायचे.

सिस्टिमच्या बांधणीच्या त्या मशीनला इंटरनेटची वायर नव्हती. वायर मॅडमच्या खणात, खणाला कुलूप, किल्ली पर्समध्ये. घरी जाताना मशीनवर ब्लाउजपीस शिवून केलेलं झाकण घालायचं आणि त्याची नाडी अशी बांधायची की कुणी सोडली तर सकाळी कळावं. आणि एक दोनशे पानी वही. कोणतं हत्यार, कोणती आवृत्ती, कुठून आणलं, कोणत्या फोल्डरात ठेवलं, ठसा कुणी वाचला, कुणी ताडला, खाली दोघांच्या सह्या. अक्षर शाळेतल्या बाईंसारखं सरळ.

मी पुण्यात सहा वर्षं काढून परत आलेलो. म्हणजे मला सगळंच येत होतं. हे फळांचं वाचन आणि नाडीची गाठ बघून मला हसू यायचं, आणि थोड्या दिवसांनी हसू जाऊन राग यायला लागला. एकदा मी विचारलंच, "मॅडम, तुमचा कुणावरच विश्वास नाही का?"

त्या देवगाव रंगारीच्या. बौद्ध घरातल्या, घराण्यात पहिल्या डिप्लोमा झालेल्या, आणि आता उस्मानपुऱ्यात आईला घेऊन दोन खोल्यांत राहणाऱ्या. त्यांनी डब्यातली भाकरी मोडत शांतपणे सांगितलं, "सर, ॲडमिशनला माझे कागद तपासले, नोकरीला तपासले, पडताळणीला तर तीनदा. तेव्हा कुणाला वाईट नाय वाटलं. मी दुसऱ्याचं तपासलं की मी लई संशयी."

मी विषय बदलला. 

एकदा बोर्ड पुरवणाऱ्या कंपनीकडून नवी फाइल आली, तातडीने वापरा म्हणून. ठसा ताडताना एकोणिसाव्या अक्षराला शकीलभाई बदाम म्हणाले आणि मॅडमच्या कागदावर आंबा होता. काम थांबलं. तीन दिवस पत्रापत्री झाली, साहेब चिडले, मीही चिडलो. चौथ्या दिवशी पलीकडून उत्तर आलं की चुकून दुसऱ्या गिऱ्हाइकाची फाइल तुम्हाला गेली. कुणी मॅडमचं कौतुक केलं नाही. त्यांनीही वाट बघितली नाही, वहीत दोन ओळी लिहिल्या आणि सह्या घेतल्या.

मला मात्र तेव्हापासून वेगळाच किडा चावला. हे सगळं खरंच काळजीपोटी आहे, की आपल्याशिवाय कंपनीचं पान हलू नये म्हणून? वायर कुलपात कशासाठी? वहीत सगळं लिहिलंय म्हणतात, पण सगळं लिहिलंय कशावरून? एकदा असा विचार डोक्यात शिरला की माणसाच्या साध्या शिंकेतही डाव दिसायला लागतो. त्या फोनवर हळू बोलल्या की मला वाटायचं, दुसरीकडे नोकरी बघतायत. आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं, हे नंतर कळलं.

साहेबांच्या मनातही तेच असावं. मॅडम आईच्या मोतीबिंदूसाठी आठ दिवस रजेवर गेल्या तेव्हा त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं. "सगळं एका माणसाच्या हाती नको. नवी मशीन आणली आहे. वहीवरून तिच्यावर सगळं उभं करून बघा. मॅडमना आत्ता सांगायची गरज नाही."

वही आणि खणाची किल्ली मॅडम मला देऊन गेल्या होत्या. अडलं तर असावी म्हणून.

वहीच्या पहिल्या पानावर एकच ओळ होती. 'मशीन आधी कोरी करून घ्यावी, आधीचं काहीही ठेवू नये.' मला हसू आलं. मशीन कालच खोक्यातून काढलेली. विक्रेता म्हणाला होता, "साहेब, तुम्हाला लागणारं सगळं टाकूनच दिलंय." नवी मशीन आणखी किती कोरी करायची? मी पान उलटलं.

पुढचं सगळं मी इमानाने केलं. चार दिवस लागले. सिस्टिम एकही चूक न दाखवता तयार झाली, पेटीत भरली, दिवा लागला. दहा मिनिटांनी पेटी आपोआप बंद होऊन पुन्हा चालू झाली. मग पुन्हा दहा मिनिटांनी. मॅडमनी वहीत तयार होणाऱ्या शेवटच्या फाइलचाही ठसा लिहून ठेवला होता, तो माझ्या फाइलशी जुळेना. वहीतली हत्यारं काढून परत घातली, दुसऱ्यांदा केलं, तेच. शकीलभाई म्हणाले, "मॅडम को फोन लगाव ना." मी लावला नाही. मला पाहिजे होतं ते उत्तर मिळालं होतं. साहेबांना जाऊन सांगितलं, "एखादी पायरी त्यांनी लिहिलेलीच नाही."

मॅडम सोमवारी आल्या. केबिनमध्ये साहेब, मी आणि त्या. साहेबांनी आवाज न चढवता सगळं सांगितलं, कुलपाचंही बोलले. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. "सर, पहिलं पान केलं होतं?"

"हो," मी म्हणालो.

खोटं बोललो. मशीन नवीच होती म्हणजे केल्यासारखंच आहे, असं मनाशी म्हणालो खरा, पण ओठ हलले तेव्हा मला माहीत होतं की हे खोटं आहे. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला नाही. क्षणभर वहीकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मग माझंच कायतरी चुकलं असंल. बघते."

बांधणीचं काम त्यांच्याकडून काढून माझ्याकडे आलं. त्यांची जुनी मशीन झाकणासकट माझ्या टेबलाशी आणली आणि तिच्यावरच आम्ही काम रेटलं. नवी मशीन कोपऱ्यात पडून राहिली. मॅडम सर्व्हिसमध्ये दवाखान्यांचे फोन घ्यायला बसायला लागल्या. रोज वेळेवर यायच्या. जेवायच्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी येऊन मिनिटभर उभ्या राहायच्या, "बरंय ना सर?" विचारायच्या आणि जायच्या. मला वाटायचं, टोचायला येतात. महिन्याने त्यांनी राजीनामा दिला. कारण वैयक्तिक.

त्यानंतर पंधरा दिवसांनी दुसऱ्या एका कामासाठी शकीलभाईंनी ती नवी मशीन पूर्ण पुसून कोरी केली. ते काम पुढे ढकललं गेलं. मशीन रिकामी दिसली म्हणून, खरं तर कशासाठी ते सांगता येणार नाही, मी वही उघडून दुसऱ्या पानापासून परत सुरुवात केली. तिसऱ्या दिवशी सिस्टिम तयार झाली. ठसा काढला. शकीलभाईंना वाचायला बसवलं. सीताफळ, नऊ, चार, डाळिंब. चौसष्टच्या चौसष्ट अक्षरं जुळली. पेटी दिवसभर चालू ठेवली, एकदाही बंद पडली नाही.

विक्रेत्याला फोन करून त्याने काय काय भरलं होतं त्याची यादी मागवली, मग उलगडा झाला. त्याने आधीच भरून दिलेल्या सगळ्यात आमच्याच चिपचा, पण वेगळ्या आवृत्तीचा एक कंपायलर होता. मी मॅडमची हत्यारं घातली होती, पण मशीनवर कंपायलरला हाक मारली की हा आधीचाच पुढे यायचा. वहीत काहीच राहिलं नव्हतं. शकीलभाईंनी वही मिटली. "पहला पन्ना छोड़ दिए थे क्या?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. त्यानंतर दोन दिवस ते माझ्यासोबत चहाला आले नाहीत.

मी उस्मानपुऱ्यात गेलो. जिना चढून वर, दाराला साखळी लावलेली. मॅडमनी फटीतून बघितलं, मग साखळी काढली. आई पलंगावर काळा चष्मा लावून बसलेली. मी उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. लाज वाटत होती, त्यामुळे फार भरभर सांगितलं.

"मला माहीत व्हतं," मॅडम म्हणाल्या. "त्याच सोमवारी, तुम्ही चहाला गेलात तेव्हा तुमच्या नव्या मशीनवर बसले. कंपायलर कुठला, म्हणून विचारलं. तिनं लगेच खरं सांगितलं."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही साहेबांसमोर हो म्हणालेले. माझं कोण ऐकणार व्हतं?" त्यांनी आईच्या अंगावरची चादर सारखी केली. "मला वाटलं, तुम्हीच सांगाल. म्हणून तर रोज तुमच्या टेबलापाशी येत व्हते. महिनाभर थांबले, सर."

मला खाली बसावंसं वाटलं, पण कुणी बसा म्हटलं नव्हतं.

"साहेबांना सांगितलं का?" त्यांनी विचारलं.

"सांगणार आहे. उद्याच."

"म्हणजे अजून नाय." त्या दारापर्यंत आल्या. "आधी त्यांना सांगा. मग या. चहा करीन."

उद्याचे अकरा दिवस झाले. साहेब मुंबईला होते, मग एक तपासणी आली, मग त्यांचा मूड बरा नव्हता. कारणं मला कधी कमी पडली नाहीत. बाराव्या दिवशी सांगितलं. साहेबांनी समोरची फाइल मिटली. मग म्हणाले, "त्यांना परत बोलवा. मी स्वतः माफी मागतो." एवढं सोपं होतं ते.

त्याच संध्याकाळी पुन्हा उस्मानपुऱ्याचा जिना चढलो. फोन लागत नव्हता. दार उघडलं एका अनोळखी बाईंनी. मागे खोलीत न उघडलेली खोकी होती.

"मॅडम आहेत का? आधी इथे राहायच्या त्या."

"गेल्या की त्या, आईला घेऊन. चार दिस झाले."

"कुठे गेल्या? पत्ता?"

बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. "तुम्ही कोण त्यांचे?"

"त्यांच्या ऑफिसातला."

"मग नाय सांगता यायचं," त्या दार ओढत म्हणाल्या. "ऑफिसातलं कुणी आलं तर पत्ता द्यायचा नाय, असं बजावून गेल्यात."

मी साहेबांना सांगितलंय, एवढा तरी निरोप द्या, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तोवर दार लागलं होतं.