आत्याने काढलेली खोट

माझी आत्या तोंडाची फटकळ. हे मी तिच्यासमोरही म्हणते, मागे बोलायची माझी छाती नाही. आजोबांचा चाकूंचा कारखाना म्हणजे रस्त्याला लागून असलेली एक लांबट खोली. तिथे आत्याचं अर्धं आयुष्य पॉलिशच्या चाकावर गेलं. डोळा मात्र खिडकीजवळच्या बाकावर. तिथे बसून चाकू जोडायचे, आणि तिथे बसायचे फक्त आजोबा आणि माझे वडील. तिने विषय काढला की आजोबा म्हणायचे, "पॉलिश तुझ्यासारखं कुणाला येतंय?" की झालं. स्तुती करून गप्प बसवायची ही रीत मला तेव्हाही आवडायची नाही.

एक दिवस कलमं करणारा माळी आपला जुना घडीचा चाकू घेऊन पुन्हा आला. चाकू आमच्याच कारखान्यातला.

"दोन कलमं केली की बोथट होतोय हो," तो कुरकुरला.

वडिलांनी आधी दोनदा धार लावून दिली होती. परत लावायला घेतली, तोच आत्याने चाकू हिसकावला. कानाशी धरून मिटला, उघडला, पुन्हा मिटला.

"धारेचा दोष नाही, दादा. पात्याची टाच, ही खिळ्याजवळची कड, जास्त घासलीय. त्यामुळे मिटताना धार मुठीतल्या पट्टीवर आपटते. मिटला की बोथट. भिकार काम आहे."

पात्यावर आजोबांचा ठसा होता.

"ते काम माझं आहे," आजोबा म्हणाले.

"ठसा दिसतोय मला, बाबा. तरी भिकारच."

आजोबा लालबुंद झाले. "मग नीट करून दाखव. नाही जमलं तर पुन्हा बाकाचं नाव काढायचं नाही."

तिने पातं धरून ठेवणारा रिवेट ठोकून काढला. नवी पट्टी कानशीने घडवली, टाच टेकते तिथे केसभर उंच ठेवली, तापवून तेलात बुडवली, मग चाकू पुन्हा जोडून धार लावली. वडील मदतीला वाकले तर म्हणाली, "हात मागे." मला मनातून उकळ्या फुटत होत्या, आणि भीतीही वाटत होती.

आजोबांनी चाकू इतक्या वेळा उघडला-मिटला की माळी कंटाळून दारात जाऊन उभा राहिला. मग त्यांनी कागद धरून पातं फिरवलं. कागद अलगद दुभंगला. पुन्हा खटाखट मिटला, पुन्हा कागद कापून पाहिला. धार तशीच.

ते बाकावरून उठले.

"हा केला त्या वर्षी मी सगळेच चाकू ह्याच मापाने घासले होते," ते हळूच म्हणाले. मला वाटलं, म्हातारा आता रडतोय. पण ते माळ्याकडे वळले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माझ्या ठशाचा चाकू कुणाकडे असेल, त्याला इकडे पाठव. म्हणावं, मुलीने बापाची खोट काढलीय."

आत्या तोवर बाकावर बसलीसुद्धा होती.

"सगळे आणा," ती म्हणाली. "एकही बाहेर राहायला नको."